गिऱ्हाईकाचा डावा

"डावा म्हणजे गिऱ्हाईकाचा डावा, पोरी. आपला नव्हे. माणूस आपल्याकडं तोंड करून उभा असतो, त्यामुळं त्याचा डावा हात आपल्या उजवीकडं येतो. हे ज्याला कळलं तो शिंपी. नाही कळलं तो पोती शिवणारा."

हा आवाज तिच्या वडिलांचा, अण्णांचा, सत्तावीस वर्षांपूर्वीचा. ओठांत चार टाचण्या धरून बोललेला, म्हणून जरा दातांच्या फटीतून आलेला. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. अण्णांच्या दुकानात स्टुलावर बसून खडूच्या वड्या रंगाप्रमाणं लावत होती आणि ऐकल्यासारखं करत होती. ऐकणं आणि ऐकल्यासारखं करणं यात किती अंतर असतं, ते तिला पुढं कळलं.

आता तिला सगळा मोहल्ला ब्रेकवाली म्हणतो. तिच्या गॅरेजात इंजिनाला हात लावत नाहीत, रंगाला नाही, गाद्यांना तर नाहीच. फक्त ब्रेक. "गाडी पळवायला शंभर जण बसलेत," ती म्हणते, "थांबवायला कुणीतरी नको का?" दुसरी एक गोष्ट ती रोज म्हणते, पण ती गमतीनं नाही. ब्रेकबद्दल खोटं बोलायचं नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी, काम हातचं गेलं तरी. "अजून महिनाभर चालेल हो," असं तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलेलं नाही.

आणि हीच बाई स्वतःच्या घरात पंधरा वर्षं एका ब्रेकबद्दल तोंड शिवून बसली होती.

घरामागं पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये ती गाडी. दोनच माणसांची, हिरवी, लांब नाकाची, डोक्यावर छप्पर नसलेली, तारेच्या आऱ्यांची चाकं असलेली. नव्हाळीत असताना शर्यतीत पळायची म्हणे. अण्णांचं एक जुनं गिऱ्हाईक परदेशी कायमचं निघालं तेव्हा किल्ली अण्णांच्या हातात ठेवून म्हणालं होतं, "तुमच्या कोटांनी मला वीस हिवाळे सांभाळलं. आता हिला तुम्ही सांभाळा." शिंप्याला शर्यतीची गाडी! सगळी गल्ली हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, तिच्या अंगावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "कट झकास आहे."

तीन महिने ती गाडी अण्णांचं दुसरं दुकान झाली. दिवसभर शिवणयंत्र, संध्याकाळी गाडी. यंत्रावर बसले की ते स्वतःचंच एक गाणं गुणगुणत, पायाच्या तालावर:

सुई माझी बाई, टोचते गं फार,
टोचल्यावाचून बाई, जुळेना किनार.

गाडीखाली आडवे झाले तरी तेच गाणं. मग एके दिवशी ब्रेक खोलले. धुतले, पुसले, परत बसवले, आणि लेकीला शेजारी बसवून गाडी बाहेर काढली. उताराच्या रस्त्यावर अण्णांनी पेडल दाबलं. पेडल तळाला गेलं. पुन्हा दाबलं, तेव्हा थोडं लागलं, पण तोवर समोर पाण्याच्या टाकीची दगडी भिंत आली होती. अण्णांनी एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हातानं लेकीला सीटवर मागं दाबून धरलं. लेकीला खरचटलंही नाही. तो दुसरा हात मात्र मनगटात तीन ठिकाणी मोडला, आणि तोच कात्रीचा हात होता.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. कोटाचं जाड कापड चिरत जाणारी ती लांब कात्री त्या हातानं पुन्हा पेलली नाही. अण्णांनी कोट सोडले. बटणं, काजं, पँटी आखूड करणं, एवढंच राहिलं. गाडी शेडमध्ये ढकलली ती ढकललीच. समोरचा पत्रा पुढं कुणीतरी ठोकून सरळ करून दिला, पण चाकं कुणी खोलली नाहीत. कुणी विचारलं तर अण्णांचं उत्तर ठरलेलं असे: "माझ्या हाताला यश नाही, बाबा. सुईपर्यंत ठीक आहे. त्याच्या पुढं नाही."

त्याच वाकड्या हातानं त्यांनी वर्षभर बसून गाडीसाठी एक पांघरूण शिवलं, कोटांच्या उरलेल्या तुकड्यांचं. करडे, तपकिरी, निळे, एखादी चौकड्यांची पट्टी. गल्लीतल्या निम्म्या बड्या माणसांचे कोट त्या गाडीच्या अंगावर होते. रोज सकाळी अण्णा ते पांघरूण काढत, झटकत, परत घालत. "धूळ बसते," म्हणत.

आणि ब्रेकवाली? एकोणिसाव्या वर्षी ती गॅरेजात शिकायला लागली. चार वर्षांत इंजिनापासून दिव्यापर्यंत सगळं शिकून झालं, मग ब्रेकच्या उस्तादाकडं आली. त्यानं पहिल्याच आठवड्यात दोन कॅलिपर टेबलावर ठेवले. कॅलिपर म्हणजे ब्रेकची मूठ. चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी ती दोन्ही बाजूंनी आवळते, मग गाडी थांबते. "दिसायला सख्खे भाऊ," उस्ताद म्हणाला, "पण एक डाव्या चाकाचा, एक उजव्या. अदलाबदल केलीस तरी बसतात, बोल्टही लागतात, हीच तर खोड आहे त्यांची. पण मग हवा काढायचं निपल खाली येतं. हवा तर वर चढणार. ती आत कोंडून राहते आणि पेडल मऊ पडतं. माणूस मरेल अशानं."

त्या संध्याकाळी ती बॅटरी घेऊन शेडमध्ये गेली, कोटांचं पांघरूण वर करून चाकामागं डोकावली. दोन्ही निपलं खाली होती. आणि तिला सगळं आठवलं.

अण्णांनी कॅलिपर काढतानाच खडूनं खुणा केल्या होत्या. एकावर 'डा', एकावर 'उ'. गाडीचा डावा, गाडीचा उजवा. मग म्हणाले होते, "पोरी, रॉकेलनं चकाचक कर बघू." तिनं केले, इतके चकाचक की खडूही गेला. आता अण्णा रागावतील म्हणून ती घाईघाईनं गाडीच्या तोंडासमोर उभी राहिली, कुठला कॅलिपर कुठल्या बाजूचा ते आठवलं, आपला डावा हात कुठला ते पाहिलं, आणि खडू घेऊन खुणा परत केल्या.

आपला डावा. गिऱ्हाईकाचा नव्हे.

सांगायचं, सांगायचं म्हणत पंधरा वर्षं गेली. आई होती तेव्हा वाटलं, आईसमोर नको. आई गेल्यावर वाटलं, अण्णा आत्ताच एकटे पडलेत, आत्ता नको. गोष्ट पोटात ठेवली की ती पोटातच वाढते, मग तोंडातून निघण्याइतकी बारीक राहत नाही.

असं सगळं असताना यंदा एक हौशी गृहस्थ आले. जुन्या गाड्या गोळा करून, पुसून, रांगेत उभ्या करणारे. त्यांनी पांघरूण वर केलं, आत पाहिलं आणि अण्णांच्या पायाच पडायचे बाकी राहिले. अण्णा म्हणाले, "घेऊन जा. माझ्यानंतर पोरीच्या गळ्यात कशाला?" तीन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला.

"मी चालती करून देते तोवर," ब्रेकवाली म्हणाली. "पण एक अट. जायच्या आधी तुम्ही एकदा चालवायची, अण्णा. एकच चक्कर."

"मी? छे! तू फिरव. मी फाटकात उभा राहून टाळ्या वाजवतो."

"पण का?"

"कानाला खडा लावलाय मी," अण्णा म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले. तीनदा चुकला तो दोरा. चौथ्यांदा आत्यानं हातातून सुई घेतली आणि ओवून दिली. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. वय एकाहत्तर, जीभ पंचविशीतली.

"दादा," आत्या म्हणाली, "तुला चालवायची नाही, विकायची आहे, आणि रोज सकाळी उठून तिचं पांघरूण तूच झटकतोस. तुझं तुला तरी कळतंय का?"

"धूळ बसते," अण्णा म्हणाले.

इंजिन आठ दिवसांत बोलायला लागलं. मागच्या चाकांचे ब्रेक साधे होते, ते झाले. राहिले पुढचे कॅलिपर. अण्णा डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले होते त्या दुपारी ब्रेकवालीनं जुने दोन्ही उतरवले, रॉकेलच्या डब्यात टाकले, झाकण लावलं आणि डबा फळीखाली अगदी मागं सरकवला. मनाशी म्हणाली, गंजलेत, नवेच घालू. पण मन काही गिऱ्हाईक नव्हतं. त्याला खरं कारण माहीत होतं. नवे आले की जुने भंगारात जातील, आणि त्यांच्यासोबत ती दोन खाली तोंड केलेली निपलंही.

म्हणून ती चुंबकाकडं गेली. चुंबक म्हणजे जुन्या सुट्या भागांचा व्यापारी. लोखंड त्याला येऊन चिकटतं म्हणून चुंबक. त्याच्या गोदामात तीन पिढ्यांच्या गाड्या तुकड्या-तुकड्यांनी राहत होत्या.

"त्या हिरवीला कॅलिपर?" त्यानं डोकं खाजवलं. "ताई, तिला आता कुणी वाली नाही. पण हे बघ. चार पिस्टनचे, लाल. शर्यतवाले घालतात. दाबलं की गाडी जागेवर नाक टेकते."

"मला नाक टेकवायचं नाही, गाडी थांबवायची आहे."

"मग हे ने. तिच्याच कारखान्याची चार दारी गाडी होती बघ, घरगुती. तिचे आहेत. बोल्टांची भोकं तंतोतंत तीच."

"तबकडीची जाडी?"

"आता जाडी-बिडी काय विचारतेस! लग्न जुळवायला आलीयस का?"

"त्याच्यापेक्षा अवघड आहे. लग्नात न जमलं तर माहेरी येता येतं."

चुंबक खोखो हसला आणि दोन्ही जोड्या दिल्या. "बसव, बघ, नाही जमलं तर आणून दे. तुझ्यावर भरवसा आहे. सगळ्या गावाचा आहे, माझा वेगळा कशाला सांगू?"

तो भरवसा तिच्या खांद्यावर घरापर्यंत जड होत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये लाल कॅलिपर हातात धरून, चाक कधी लावून कधी काढून, तारांत डोकं घालून मापं घेत होती. अण्णा पांघरूण झटकायला आले आणि दारातच थबकले. जरा वेळ पाहत राहिले. मग शिंप्याला राहवलं नाही.

"हे काय चाललंय?"

"बसतोय का बघते. बाहेरून तारा आत वाकलेल्या आहेत, आतून कॅलिपर फुगलेला. दोघांच्या मधली जागा दिसतच नाही."

"मग धातू कशाला नाचवतेस? आधी कागद काप. कापड कापायच्या आधी कागद कापतात. आम्ही काय थेट गिऱ्हाईकावर कात्री चालवतो?"

"कॅलिपरचा कागद?"

"का, त्याला अंग नाही? सरक बाजूला."

अण्णांनी घरातून खोक्याचा पुठ्ठा आणला, गळ्यातली टेप काढली आणि त्या लाल कॅलिपरची मापं घेतली. उंची, पोट, पाठ. पुठ्ठ्यावर खडूनं रेघ ओढली. मग कात्री हातात घेतली. लहान कात्री होती, काजं कापायची. वाकडं मनगट आधी नको म्हणालं, अण्णांनी कोपर मांडीवर टेकवलं आणि मनगटाऐवजी पुठ्ठाच फिरवला. पुठ्ठा फिरला, कात्री जागेवर राहिली, आणि कॅलिपरच्या बाजूचा नेमका आकार खाली पडला. ब्रेकवाली बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं त्या हाताला काहीतरी नवं कापताना पाहिलं नव्हतं.

पुठ्ठा चाकात घातला, चाक हळूच फिरवलं. तिसऱ्याच तारेला पुठ्ठा अडकून दुमडला.

"काखेत दाटतोय," अण्णा म्हणाले. "दोन बोटं सैल पाहिजे. हा गेला."

लाल जोडी बाजूला पडली. दिसायला नवरदेव, पण दारातून आत जाईना. मग घरगुती गाडीचा. पुठ्ठा छान फिरला, कुठं लागला नाही. बोल्टही बसले. पण तबकडी आत सरकेना. घरगुती गाडीची तबकडी पातळ, त्यामुळं कॅलिपरचं तोंडही अरुंद.

"दोन भाग आहेत ना त्याचे?" अण्णांनी वाकून पाहिलं. "मग मध्ये कळी घाल. अंगरख्याला घालतात तशी. रुंद होईल."

"ब्रेकला कळी घालत नाहीत, अण्णा. त्या जोडातून तेल जातं. शिवण उसवली तर अंगरखा फाटतो, इथं माणूस फाटेल."

"हं." अण्णांना ते पटलं. धंद्याची गोष्ट धंदेवाल्याला पटते. त्यांनी हात पुसले, गाडीच्या उघड्या चाकाकडं पाहिलं, आणि ज्याची तिला भीती होती ते विचारलं. "तिचे स्वतःचे कुठं आहेत?"

"गंजलेत."

"दाखव की. गंजलाय म्हणून कोट टाकतात होय? उलटवतात. सगळ्या शिवणी उसवायच्या, कापड पालथं करायचं, आतली बाजू बाहेर घ्यायची, परत शिवायचा. माझ्या बापानं एक कोट दोनदा उलटवला होता. ज्याच्या मापाचा असतो तो त्यालाच बसतो, पोरी. दुसऱ्याचं कितीही लालभडक असलं तरी."

आत्या चहा घेऊन दारात आली होती. "फळीखाली डबा आहे बघ दादा, झाकणाचा. काल झाडताना लागला मला. मला वाटलं पोरीनं काही लपवून ठेवलंय."

ब्रेकवालीनं चहाचा कप घेतला. हाताला चटका बसला, पण हात मागं घेतला नाही.

डबा बाहेर आला. तिनं जुने कॅलिपर खोलले तेव्हा अण्णांचंच खरं निघालं. पिस्टन गंजून खड्डे पडले होते, पण पिस्टनची घरं आतून शाबूत होती, एक ओरखडा नाही. नवे न गंजणारे पिस्टन करून आणले, नवी रबरी सीलं घातली. दहा दिवस गेले त्यात. अण्णा रोज यायचे. आधी पाच मिनिटं, मग तासभर, मग स्वतःचं स्टूलच त्यांनी शेडमध्ये आणून ठेवलं. कॅलिपरचं अंग त्यांनी जुन्या फ्लॅनेलनं असं पुसलं की त्यात तोंड दिसावं. आणि एकदा, पाठमोरे असताना, ते गुणगुणले. "सुई माझी बाई, टोचते गं फार..." ब्रेकवालीच्या हातातला पाना थांबला. ते गाणं तिनं आईच्या काळानंतर ऐकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी कॅलिपर बसवायचे होते. रविवारी हौशी गृहस्थ येणार होते. हवा काढायला एकानं सीटवर बसून पेडल दाबावं लागतं, एकानं चाकाशी निपल सैल-घट्ट करावं लागतं. पेडलला आत्या ठरली होती. "मला शिकवू नका," ती आदल्या दिवशीच म्हणाली होती. "दाब म्हटलं की दाबायचं, सोड म्हटलं की सोडायचं. माझ्या सासरी एवढंच काम होतं."

दोन्ही कॅलिपर फळीवर कापड अंथरून शेजारीशेजारी ठेवलेले. अण्णा त्यांच्यावरून शेवटचा फ्लॅनेल फिरवत होते.

"हे काय गं? बारीकसं, टोपी घातलेलं?"

ब्रेकवालीला वाटलं, म्हणावं की काही नाही, असंच असतं. शब्द ओठापर्यंत आलेही. पण ब्रेकबद्दल खोटं बोलायची त्या ओठांना सवयच नव्हती.

"हवा काढायचं निपल," ती म्हणाली. "ते वर असावं लागतं. हवा वर चढते ना. खाली आलं तर तेल निघतं, हवा आतच राहते. मग पेडल दाबलं तर हवाच दबते. ब्रेक लागत नाही."

अण्णांचा हात थांबला. त्यांनी एक कॅलिपर उचलला, गाडीजवळ नेला, डाव्या चाकाच्या जागी धरून पाहिला. निपल वर आलं. तोच उजवीकडं नेऊन धरला. निपल खाली आलं.

"खाली होतं," ते म्हणाले. "त्या वेळी. मी पाठीवर पडून खालून हवा काढली होती. तेल बाहीत शिरलं होतं माझ्या. तू पेडल दाबत होतीस आणि मी मोजत होतो." ते स्टुलापर्यंत आले आणि बसले. "म्हणजे उलटे लावले मी. डाव्याचा उजवीकडं."

"अण्णा..."

"आणि जगाला शिकवत होतो. गिऱ्हाईकाचा डावा!" ते हसले, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "मला वाटायचं, बोल्ट सैल राहिला असेल, तेल जुनं असेल, नशीब असेल. नशीबबिशीब काही नाही. हात. हा हात. आणि तुला शेजारी बसवून." त्यांनी फ्लॅनेलची घडी घातली, घडीवर घडी, ती एवढीशी होईपर्यंत. "त्या गृहस्थांना फोन कर. उद्या कशाला, आजच न्या म्हणावं. तूच लाव ते दोन्ही. मी हात लावत नाही."

आता गप्प राहिलं तरी चालण्यासारखं होतं. कॅलिपर बरोबर बसले असते, गाडी गेली असती, आणि जुनी गोष्ट एका चुकलेल्या म्हाताऱ्याच्या नावावर कायमची बंद झाली असती. दहा दिवसांत त्या हाताला परत आलेलं बळ तिच्या डोळ्यांदेखत ओसरत होतं. पंधरा वर्षं तिनं मनात एक लांबलचक भाषण रचलं होतं. ते आता आठवेना.

"तुमचा खडू बरोबर होता," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही 'डा' आणि 'उ' लिहून दिले होते. बरोबर लिहिले होते. मी रॉकेलनं धुतले, त्यात खडू गेला. तुम्ही ओरडाल म्हणून मी परत लिहिला. गाडीसमोर उभी राहून. माझा डावा तो डावा." तिनं बोटानं हवेत एक रेघ ओढली. "'डा' चा काना तुमच्यासारखा लांब ओढला. तुम्हाला कळू नये म्हणून. तुम्ही माझा खडू वाचून बसवलेत, अण्णा. तुमचा हात नाही चुकला. मी चुकले. तेविसाव्या वर्षी कळलं मला, उस्तादाकडं. पंधरा वर्षं झाली. पंधरा. सांगितलं नाही मी."

शेडमध्ये पत्रा उन्हानं कडकडला. बाहेर आत्या कुणाशी तरी बोलत होती, तिचा आवाज लांबून येत होता.

अण्णांनी आपला वाकडा हात समोर धरला. पालथा केला, सुलटा केला. हरवलेली वस्तू परत मिळाल्यावर बघावी तसा बघितला.

"काना लांब ओढलास?"

"हो."

"जमला होता?"

"तुम्हाला कळला नाही म्हणजे जमलाच असेल."

"हं." त्यांनी तो हात मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात ब्रेक दिले मी. ते कुणी पुसून लिहिलं नव्हतं. ती चूक माझीच. बाकीची तुझी." आणि जरा थांबून, "पण हात नाही. हात नव्हता चुकला."

"नव्हता."

"खडू दे इकडं."

त्यांनी दोन्ही कॅलिपरांवर खुणा केल्या. गाडीचा डावा, गाडीचा उजवा. मग तिला गाडीच्या तोंडासमोर उभं केलं, खांदे धरून. "बोल. डावा कुठला?"

तिनं डोळे पुसत आपल्या उजवीकडं बोट दाखवलं.

"उशीर झाला, पण आलं," अण्णा म्हणाले.

डाव्या चाकाचा कॅलिपर त्यांनी स्वतः बसवला. बोल्ट आवळताना मनगट दुखलं तेव्हा तिनं पाना धरला, पण काढून घेतला नाही. उजवा तिनं बसवला. नळ्या जोडल्या, तेल भरलं. दोन्ही निपलं वर, कोंबडीच्या पिल्लांसारखी मान ताठ करून.

"आत्याला बोलावते," ती म्हणाली, "पेडलला."

"कशाला? आयुष्यभर पायानं यंत्र चालवलंय मी."

अण्णांनी गाडीचं दार उघडलं. दार किरकिरलं. सीटवर बसताना त्यांनी कोटाच्या मागच्या पट्ट्या सारख्या कराव्यात तसा सदरा सारखा केला आणि पाय आत घेतले.

"दाबा," ती चाकाशी बसून म्हणाली.

"दाबला."

नळीतून बुडबुडे आले, एकामागून एक, इतक्या वर्षांची कोंडलेली हवा असावी तसे. "सोडा."

"सोडला."

डावं झालं, उजवं झालं. पुन्हा डावं, पुन्हा उजवं. बुडबुडे बारीक झाले, विरळ झाले, मग नुसतं स्वच्छ तेल आलं. तिनं निपल घट्ट केलं, टोपी घातली. "आता दाबा. कसं लागतंय?"

"पाटासारखं," अण्णा म्हणाले. "कडक."

"झालं तर मग. उतरा, मी चाकं चढवते."

अण्णा उतरले नाहीत. आत्या दारात येऊन उभी राहिली होती, कमरेवर हात ठेवून. अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, एक सरळ, एक वाकडा. त्यांनी पेडल पुन्हा एकदा दाबलं, सोडलं, दाबलं, यंत्रावर दाबत तसं, तालात.

"पोरी," ते समोरच्या उन्हाकडं बघत म्हणाले, "ते धूळ बसते म्हणायचो ना मी, रोज सकाळी..."

"हो?"

"धूळबीळ काही नव्हतं. त्या माणसाला सांग, नाही देत म्हणून. मला ही चालवायची आहे."